ल्युपसच्या अँटिबॉडी तपासण्या: एकाच रक्ताचे तीन रिपोर्ट का येतात?

सांधे दुखतात, तोंडात फोड येतात, गालावर लाली आहे. असा पेशंट आला की ल्युपसचा, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटण्याच्या आजाराचा, संशय येतो आणि फॉर्मवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: 'एएनए, डीएस-डीएनए', म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या आणि दुहेरी धाग्याच्या डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी. पद्धत कोणती, ते कुणी लिहीत नाही. मग तेच रक्त गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये 'पॉझिटिव्ह, १:३२०' येतं, कॉलेज रोडच्या दुसऱ्या लॅबमध्ये निगेटिव्ह येतं आणि घाटाखाली मुंबईला पाठवलं तर 'इंडेक्स १.०, बॉर्डरलाइन' असा निकाल मिळतो. पेशंट गोंधळतो, नातेवाईक काउंटरवर आवाज चढवतात. खरं तर तिन्ही लॅबनी काम चोख केलेलं असू शकतं. तपासणीचं नाव एकच, पण तिघांनी मोजलं ते वेगवेगळं. नाशकात नुकतेच लॅबला लागलेले डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालेले) आणि पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाचे डॉक्टर यांना हा फरक बेंचवर कसा दिसतो आणि कुठे दगा देतो, ते इथे सांगितलं आहे.

आधी सॅम्पल

लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ४ ते ५ मिली रक्त पुरतं. उपाशी असण्याची अट नाही, पण सकाळी तर्रीदार मिसळ चापून आलेल्याचं सीरम दुधाळ असतं आणि असं सीरम एलायझात (प्लेटवर रंग मोजणारी तपासणी) आणि सी-३, सी-४ (कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं) मध्ये त्रास देतं. रक्त खोलीच्या तापमानाला अर्धा तास गोठू द्या, मग ३००० आरपीएमला १० मिनिटं फिरवा आणि सीरम लगेच वेगळ्या ट्यूबमध्ये काढा.

खरी अडचण बाहेरगावच्या सॅम्पलची. सुरगाणा, पेठ, कळवणकडून न फिरवलेली ट्यूब तशीच पिशवीत घालून एसटीने पाठवतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि ट्यूब पोचेपर्यंत सीरम लालसर झालेलं असतं. कलेक्शन सेंटरवाल्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: सीरम तिथेच वेगळं करा आणि जेल पॅक लावलेल्या डब्यातून पाठवा. अँटिबॉडी तशा चिवट असतात, २ ते ८ अंशांवर काही दिवस टिकतात. कॉम्प्लिमेंट मात्र नाजूक. सी-३, सी-४ उशीर झालेल्या सॅम्पलवर करू नका, आणि सीएच-५० (कॉम्प्लिमेंटचं एकूण काम मोजणारी तपासणी) तर ताज्या किंवा लगेच गोठवलेल्या सीरमशिवाय करूच नका. गोठवताना लहान लहान भाग करून ठेवा. एकच ट्यूब चार वेळा वितळवली की तिच्यावरचा निकाल विश्वासाचा राहत नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आपोआप बर्फ वितळवतो, तो या कामाचा नाही.

एएनए: काचेवरची हिरवी झळाळी

एएनएची मूळ, आणि आजही आधाराची पद्धत म्हणजे इनडायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स, बोलीत आयआयएफ. स्लाइडवर हेप-२ नावाच्या माणसाच्या पेशी वाढवून चिकटवलेल्या असतात. पेशंटच्या सीरममधली अँटिबॉडी या पेशींच्या केंद्रकाला चिकटते. तिच्यावर एफआयटीसी हा चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी बसते आणि निळ्या प्रकाशात पेशी हिरवी दिसते. हेप-२ पेशींचं केंद्रक मोठं असतं आणि त्यांच्यात विभाजन चालू असलेल्या पेशी भरपूर सापडतात. पूर्वी वापरले जाणारे उंदराच्या यकृताचे काप यामुळेच मागे पडले.

आता प्रत्यक्ष काम. बंद पाकिटातली स्लाइड खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट फाडू नका, नाहीतर तिच्यावर दव धरतं. १:८० साठी १० मायक्रोलिटर सीरममध्ये ७९० मायक्रोलिटर पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) घाला. पुढची डायल्युशन निम्मी-निम्मी करत जा: १:१६०, १:३२०, १:६४०, १:१२८०. ज्या शेवटच्या डायल्युशनला चमक दिसते, तो टायटर. काही किट १:१०० वरून सुरू होतात, तिथे किटमधल्या कागदाप्रमाणे चला. स्लाइडवरच्या प्रत्येक विहिरीत (पेशी असलेल्या गोल खणात) २५ मायक्रोलिटर टाका. त्याहून जास्त टाकलं तर शेजारच्या विहिरीत सांडतं, कमी टाकलं तर कडा सुकतात आणि सुकलेली कड नेहमी खोटी चमकते. ओल्या कापडाच्या बंद डब्यात ३० मिनिटं ठेवा. पीबीएसने हलक्या हाताने धुवा, धार पेशींवर सोडू नका. मग पीबीएसमध्ये ५ मिनिटं, दोन वेळा. कॉन्ज्युगेट, म्हणजे ती रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी, घालून पुन्हा ३० मिनिटं, पण या वेळी अंधारात, कारण एफआयटीसी प्रकाशात विझतो. पुन्हा धुवा, बफर असलेलं ग्लिसरॉल घाला आणि कव्हरस्लिप बुडबुडा न येऊ देता ठेवा. पीबीएसचा पीएच ७.२ ते ७.६ च्या आत हवा. तो आम्लाकडे झुकला की झळाळी मंदावते आणि १:३२० चं सीरम १:१६० वर येतं. रोज एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह कंट्रोल लावल्याशिवाय स्लाइड वाचू नका.

वाचताना नवख्याचा डोळा सगळ्यात चमकदार पेशीवर जातो. सवय उलटी लावा: आधी मेटाफेज शोधा, म्हणजे विभाजनाच्या मधल्या टप्प्यातली पेशी, जिच्यात गुणसूत्रं मधोमध पट्टीसारखी रांगेत उभी असतात. ४०० पट मोठं करून पाहा. आजूबाजूच्या पेशींची केंद्रकं सलग गुळगुळीत हिरवी आहेत आणि मेटाफेजमधली पट्टीही तितकीच लखलखीत, तर तो होमोजीनियस पॅटर्न, आंतरराष्ट्रीय यादीतला एसी-१. डीएस-डीएनए, हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) आणि न्यूक्लिओसोमच्या (ती गुंडाळी) अँटिबॉडी इथे दिसतात. केंद्रकांत जाड ठिपके आहेत आणि पट्टी काळी, तर एसी-५, म्हणजे एसएम किंवा आरएनपी या केंद्रकातल्या प्रथिनांच्या अँटिबॉडीचा संशय. बारीक ठिपके आणि काळी पट्टी, तर एसी-४, तिथे एसएस-ए आणि एसएस-बी या अँटिबॉडी तपासा. पट्टी चमकते पण केंद्रकांत दाट, बारीक, कमी-जास्त उजेडाचे ठिपके आहेत, तर तो एसी-२. डीएफएस-७० च्या अँटिबॉडीने हा उमटतो आणि निरोगी माणसांतही बऱ्याचदा सापडतो. एसी-१ आणि एसी-२ यांची गल्लत ही नव्या वाचकाची नेहमीची चूक, आणि तिची किंमत पेशंट भरतो. शंका असेल तर डीएफएस-७० ची वेगळी तपासणी करून घ्या.

पेशीद्रव्य चमकत असेल आणि केंद्रक काळं, तरी 'एएनए निगेटिव्ह' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. ल्युपसमध्ये सापडणारी रायबोसोमल-पी अँटिबॉडी तिथेच दिसते. 'केंद्रक निगेटिव्ह, सायटोप्लाझम पॉझिटिव्ह' असं स्पष्ट लिहा.

दिव्याची गोष्ट किरकोळ वाटते पण आहे मोठी. जुन्या मायक्रोस्कोपातला पाऱ्याचा दिवा साधारण २०० तासांनी म्हातारा होतो आणि टायटर हळूहळू खाली सरकतात. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रोजचा फरक दिसत नाही. तासांची वही ठेवा. एलईडी असेल तर ही कटकट नाही.

आणि पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस, हे डोक्यातून काढा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांतले सुमारे ३२ टक्के लोक १:४० ला पॉझिटिव्ह होते, १३ टक्के १:८० ला, ५ टक्के १:१६० ला आणि ३ टक्के १:३२० ला. समजा थकवा आणि अंगदुखीसाठी ५०० जणांची एएनए केली आणि त्यांतल्या ५ जणांनाच ल्युपस आहे. बाकीच्या ४९५ जणांत १:८० ला ६५ च्या आसपास पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे एका खऱ्या पेशंटमागे तेरा जण विनाकारण घाबरणार. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असलेल्यांतही एएनए वर येते. त्यामुळे फॉर्मवर चालू औषधं लिहून घ्या.

मशीनवरची एएनए

एलायझात किंवा केमिल्युमिनिसन्समध्ये (रंगाऐवजी प्रकाश मोजणारी पद्धत) पेशी नसतात. ठरावीक अँटिजेन (अँटिबॉडी ज्यांना चिकटते ते पदार्थ) प्लेटवर किंवा चुंबकी कणांवर चिकटवलेले असतात. यादीत जे आहे तेवढंच दिसतं. काम झटपट होतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर काही अवलंबून नसतं, दिवसाला दीडशे सॅम्पल निघतात. पण यादीबाहेरची अँटिबॉडी असेल तर निकाल निगेटिव्ह, आणि पॅटर्न तर मिळतच नाही. उलटंही होतं. एसएस-ए म्हणजे रो-६० अँटिबॉडी काही हेप-२ स्लाइडवर नीट उमटत नाही, कारण पेशीत हा अँटिजेन कमी असतो आणि स्लाइड बनवताना तो धुतलाही जातो. एलायझा तिला पकडतं. गरोदर बाईच्या बाबतीत हे महत्त्वाचं. आईच्या एसएस-ए अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जातात आणि बाळाच्या हृदयाचा ब्लॉक होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना ल्युपसचा किंवा शोग्रेनचा (डोळे आणि तोंड कोरडं पडणारा आजार) दाट संशय असेल, तर एएनए स्लाइड निगेटिव्ह असली तरी एसएस-ए स्वतंत्र करा.

केमिल्युमिनिसन्सच्या ज्या मशीनमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरतात, तिथे केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या निकाल बिघडवतात. ल्युपसमध्ये अनेकांचे केस गळतात, त्यामुळे हा योग वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो. किटच्या कागदात पाहा, आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस गोळी थांबवून सॅम्पल पुन्हा घ्या.

डीएस-डीएनए: सगळा घोळ इथे

चार पद्धती, आणि चौघींची नजर वेगळी.

एलायझात प्लेटवर डीएनए चिकटवलेला असतो. तो चिकटताना थोडा उलगडतो आणि एकेरी धागे उघडे पडतात. एकेरी डीएनएच्या अँटिबॉडी कितीतरी आजारांत असतात, त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह येतात. शिवाय सैल पकडीच्या अँटिबॉडीही एलायझा मोजतं. फायदा असा की आकडा मिळतो आणि आजार चढतो-उतरतो ते आकड्यात दिसतं. बऱ्याच किटमध्ये कृती अशी असते: १० मायक्रोलिटर सीरम १००० मायक्रोलिटर बफरमध्ये, त्यातलं १०० मायक्रोलिटर विहिरीत, ३० मिनिटं, ३०० मायक्रोलिटरने तीन वॉश, कॉन्ज्युगेट ३० मिनिटं, पुन्हा वॉश, टीएमबी (रंग आणणारं द्रव्य) १५ मिनिटं, स्टॉप (रिअ‍ॅक्शन थांबवणारं द्रव्य) घालून ४५० नॅनोमीटरला वाचन. किटची नेमकी मापं किटच्या कागदातूनच घ्या. वॉश अपुरा राहिला तर सगळी प्लेट पिवळी होते. वॉशरची एखादी सुई बुजली तर एकच रांग वर जाते. रांगेने वाढलेले आकडे दिसले की पेशंटला दोष देण्याआधी सुई तपासा.

थंडीचा मुद्दा नाशिककरांनी वहीत लिहून ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत निफाड गोठतं तेव्हा शहरातल्या लॅबमध्येही सकाळी सातला १५-१६ अंश असतात. किटला 'खोलीचं तापमान' म्हणजे १८ ते २५ अंश अपेक्षित असतं. गार खोलीत रिअ‍ॅक्शन मंदावते, कॅलिब्रेटरचे ओडी (रंगाच्या गडदपणाचे आकडे) पडतात आणि बॉर्डरलाइन पेशंट निगेटिव्हमध्ये घसरतो. फ्रीजमधून काढलेले रीएजंट अर्धा तास बाहेर ठेवणं त्या दिवसांत पुरत नाही, ते गरम होतच नाहीत. हीटर लावा किंवा २५ अंशांचा इन्क्युबेटर वापरा.

दुसरी पद्धत क्रिथिडिया. क्रिथिडिया ल्युसिली हा एकपेशीय परजीवी, माणसाला निरुपद्रवी. त्याच्या पेशीत केंद्रकाशिवाय कायनेटोप्लास्ट नावाची गोळी असते आणि तिच्यात दुहेरी धाग्याचा डीएनए ठासून भरलेला असतो, माणसाच्या हिस्टोनची भेसळ नसलेला. त्यामुळे ही गोळी चमकली की डीएस-डीएनए, असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. १:१० पासून सुरुवात करतात, बाकी कृती एएनएसारखीच. पेशीत चमकू शकणाऱ्या जागा तीन: केंद्रक, कायनेटोप्लास्ट आणि शेपटीच्या मुळाशी असलेला बेसल बॉडीचा बारीक ठिपका. केंद्रक एकटं चमकलं तर निगेटिव्ह. बेसल बॉडी एकटी चमकली तरी निगेटिव्ह. नवा माणूस बेसल बॉडीलाच कायनेटोप्लास्ट समजतो. ओळखायचं कसं? पॉझिटिव्ह कंट्रोल आधी पाहा आणि गोळीचा आकार डोळ्यांत भरून घ्या. कायनेटोप्लास्ट बसक्या मण्यासारखा, बेसल बॉडी त्याच्यापुढे टाचणीच्या टोकाएवढी. ही पद्धत नेमकी आहे पण हात आखडता: ल्युपस असलेल्या बऱ्याच पेशंटमध्येही ती निगेटिव्ह येते.

तिसरी 'फार' (Farr) नावाची पद्धत, किरणोत्सारी डीएनए आणि अमोनियम सल्फेटची. घट्ट पकडीच्या अँटिबॉडी मोजण्यात ती वाकबगार, पण त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी आणि किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था लागते. साध्या लॅबने तिच्या नादी लागू नये. चौथी केमिल्युमिनिसन्स. तिचा स्वभाव एलायझाच्या जवळचा, आकडा जास्त स्थिर.

व्यवहारात असं ठेवा. पहिल्यांदा निदानाचा प्रश्न असेल तर एलायझा किंवा केमिल्युमिनिसन्स करा, पॉझिटिव्ह आलं तर क्रिथिडियाने ताडून पाहा. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर डॉक्टरला ठाम आधार मिळतो. एलायझा किंचित वर आणि क्रिथिडिया निगेटिव्ह असेल तर 'कमी पातळी, अनिश्चित' असं म्हणा. आजारावर लक्ष ठेवायचं असेल तर एकच आकड्याची पद्धत, एकच लॅब, तेच किट. दोन किटच्या रिपोर्टवर 'आययू प्रति मिली' सारखंच छापलेलं असलं तरी एका किटचे ८० आणि दुसऱ्याचे ८० एकमेकांशी जुळत नाहीत. लॅब बदलल्यामुळे आकडा दुप्पट झाला आणि स्टिरॉइडचा डोस वाढला, असं व्हायला नको.

लाइन ब्लॉट

एसएम, आरएनपी, एसएस-ए, एसएस-बी यांच्यासाठी नाशकातल्या लहान लॅबला लाइन ब्लॉटची पट्टी सोयीची, जिच्यावर प्रत्येक अँटिजेनची वेगळी रेघ असते. १५ मायक्रोलिटर सीरम १.५ मिली बफरमध्ये, हलत्या शेकरवर ३० मिनिटं, ५ मिनिटांचे तीन वॉश, कॉन्ज्युगेट ३० मिनिटं, पुन्हा तीन वॉश, मग सब्स्ट्रेट १० मिनिटं. कंट्रोल रेघ उमटली नाही तर पट्टी बाद. ओली पट्टी वाचू नका, सुकल्यावर रेघांचा गडदपणा बदलतो.

एसएमची रेघ ल्युपससाठी फार बोलकी आहे, पण पेशंटमध्ये ती २०-३० टक्क्यांतच सापडते. फिकट एसएम एकटी, आरएनपी नाही आणि स्लाइडवर जाड ठिपकेही नाहीत, तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. रो-५२ आणि एसएस-ए रो-६० या दोन वेगळ्या रेघा आहेत. रो-५२ एकटी असेल तर ती ल्युपसबाहेरच्या बऱ्याच आजारांतही दिसते. आणि पट्टीवरची डीएस-डीएनएची रेघ हे या पट्टीचं सगळ्यात कच्चं अंग. तिच्यावरून रिपोर्ट देऊ नका.

अँटिफॉस्फोलिपिडचं, म्हणजे रक्ताच्या गुठळ्यांशी संबंध असलेल्या अँटिबॉडींचं, थोडक्यात. कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन सीरमवर होतात, पण ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटला निळ्या झाकणाची ३.२ टक्के सायट्रेटची ट्यूब लागते, खुणेपर्यंत भरलेली, दोनदा फिरवलेली. हेपरिन किंवा वॉरफरिन चालू असेल तर निकाल फसतो. पॉझिटिव्ह आला तर १२ आठवड्यांनी पुन्हा करावाच लागतो.

नवी पद्धत आणताना तुलना कशी करायची

विक्रेता '९८ टक्के स्पेसिफिसिटी' दाखवतो, म्हणजे आजार नसलेल्या शंभरांतले ९८ निगेटिव्ह. त्याला एकच प्रश्न विचारा: निगेटिव्ह गटात कोण होतं? ब्लड बँकेतले तरुण दाते घेतले तर कुठलंही किट हुशार ठरतं. आपल्याकडे तपासायला येतात ते संधिवात, शोग्रेन, यकृताचे आजार, क्षयरोग असलेले लोक. तुमच्या निगेटिव्ह गटात तेच हवेत. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांतही डीएस-डीएनएच्या किटची अट हीच आहे: अशा तुलनेच्या आजारांसमोर किमान ९० टक्के स्पेसिफिसिटी. त्याच निकषांत एएनए १:८० हे प्रवेशद्वार, डीएस-डीएनए किंवा एसएमला ६ गुण, सी-३ आणि सी-४ दोन्ही कमी असतील तर ४, एकच कमी असेल तर ३, अँटिफॉस्फोलिपिडला २, आणि एकूण १० गुण लागतात. त्यांत एखादं तरी क्लिनिकल लक्षण असावंच लागतं, नुसत्या लॅबच्या गुणांवर ल्युपस ठरत नाही.

समजा ६० सीरम घेतली. दोन्ही पद्धती एकाच दिवशी, एकाच ट्यूबमधून, आणि स्लाइड वाचणाऱ्याला एलायझाचा आकडा ठाऊक नसताना केल्या. दोन्हीत पॉझिटिव्ह २२, दोन्हीत निगेटिव्ह २८, फक्त एलायझा पॉझिटिव्ह ८, फक्त क्रिथिडिया पॉझिटिव्ह २. जुळणी ६० पैकी ५०, म्हणजे ८३ टक्के. ऐकायला छान. पण नुसत्या योगायोगाने किती जुळले असते? एलायझात एकूण ३० पॉझिटिव्ह, क्रिथिडियात २४. (२४ × ३० + ३६ × ३०) ÷ ३६०० = ०.५०. कप्पा (योगायोग वजा जाता उरलेली जुळणी) = (०.८३ − ०.५०) ÷ (१ − ०.५०), म्हणजे ०.६७ च्या घरात. बरी जुळणी, एकमेकींची जागा घेण्याइतकी नाही. त्या १० न जुळलेल्या सीरमच्या फायली काढून बसा, कप्प्यापेक्षा त्या जास्त शिकवतात. आठांपैकी सहा संधिवाताचे निघाले तर एलायझाचा कटऑफ तुमच्या पेशंटसाठी खाली आहे. आठही जण लघवीत प्रोटीन जाणारे ल्युपसचे पेशंट निघाले तर क्रिथिडियाच त्यांना चुकवते आहे.

रिपोर्टवर काय हवं

पद्धत, पेशी किंवा किट, सुरुवातीचं डायल्युशन, टायटर, पॅटर्न, मेटाफेजची नोंद. उदाहरणार्थ: 'एएनए, आयआयएफ, हेप-२, आयजीजी कॉन्ज्युगेट, तपासणी १:८० पासून. पॉझिटिव्ह १:६४०, होमोजीनियस, एसी-१, मेटाफेज पॉझिटिव्ह. डीएस-डीएनए सुचवले.' १:३२० आणि १:६४० यांच्यातला एका पायरीचा फरक पद्धतीच्या चुकीत बसतो, तेव्हा 'टायटर वाढला' असं लिहू नका. एकदा पॉझिटिव्ह आलेली एएनए दर महिन्याला करण्याची मागणी आली तर डॉक्टरांना फोन करा. आजाराचा चढ-उतार डीएस-डीएनए, सी-३, सी-४ आणि लघवीत दिसतो.

किट किंवा मशीन बदलणार असाल तर जुनं एकदम बंद करू नका. नियमित येणाऱ्या ल्युपस पेशंटचं सीरम तीन महिने दोन्हीवर लावा, दोन्ही आकडे पद्धतीच्या नावासकट रिपोर्टवर शेजारी-शेजारी छापा आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना बदलाची तारीख आधी कळवा.